पोरांचं पहिलं क्रेडिट कार्ड

मागच्या भागात शेळीच्या विम्यावर बोललो. त्यावर तुमचे बरेच प्रश्न आले आहेत, ते पुढच्या वेळी घेऊ. आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो तुम्हीच आणलेला आहे. गेल्या वर्षभरात आम्ही समन्वयक ज्या ज्या गावात गटाच्या बैठकीला गेलो, तिथं बैठक संपली, वह्या मिटल्या, की कुणीतरी एक ताई मागं थांबते. पदराशी चाळा करत विचारते, "पोराला बँकेचा फोन आलाय. क्रेडिट कार्ड देतो म्हणतात, फुकट आहे म्हणतात. घेऊ द्यावं का?"

पोरगा कुठं आहे म्हणून विचारलं तर चाकणला, रांजणगावला, नाहीतर वाळूजला. आयटीआय झालं, कंपनीत कंत्राटी लागला, पगार बँकेत जमा व्हायला लागला आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन आला. मुलींनाही येतात. जीएनएम करून लातूरला दवाखान्यात लागलेल्या, मॉलमध्ये लागलेल्या, सगळ्यांना येतात. पूर्वी गावातल्या माणसाला बँकेच्या दारात उभं राहून कर्ज मागावं लागायचं. आता कर्जच फोन करून आपल्या पोरांना शोधतंय.

घ्यावं का नाही, याचं एका शब्दात उत्तर नाही. आधी ते आहे काय, हे आपल्याला आपल्या भाषेत कळलं पाहिजे. आणि आपल्याला ते लवकर कळतं, कारण कर्ज म्हणजे काय हे बचत गटाच्या बाईला शिकवावं लागत नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या घरात बरेचदा एक क्रेडिट कार्ड आधीच असतं, मालकाच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. ते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ते सुरू झालं, ते पीककर्जाचं कार्ड. त्याचं व्याज कमी, वेळेत फेडलं तर सरकारची सवलत वर, आणि फेडायचं ते पीक हातात आल्यावर. पोराला फोनवर जे देऊ करतात त्याचा आणि ह्याचा नावापुरताच संबंध. एका काकूंनी आम्हाला सांगितलं होतं, "आमच्याकडं हाय की ते, सोसायटीचं." त्या बिनधास्त होत्या, कारण त्यांना वाटलं पोराचं कार्डही तसंच सवलतीचं असेल. दुसरा घोटाळा एटीएम कार्डाचा. एटीएमचं, म्हणजे डेबिट कार्ड, आपल्या खात्यातले आपलेच पैसे काढतं. खात्यात पाचशे असतील तर पाचशेच निघतील. क्रेडिट कार्डात आपले पैसे नसतात. बँक म्हणते, तुला पन्नास हजारांची मर्यादा दिली. त्या मर्यादेला पोरं "लिमिट" म्हणतात, आणि बोलता बोलता "माझ्या कार्डात पन्नास हजार आहेत" असं म्हणायला लागतात. तुमच्या कार्डात पन्नास हजार नाहीत बाळांनो, पन्नास हजारांपर्यंत कर्ज काढायची परवानगी आहे.

आता हे चालतं कसं ते बघा. समजा कार्डाचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख ३०. पोराने ११ जूनला पँट-शर्ट घेतला, तर तो खर्च १० जुलैच्या बिलात येईल आणि ३० जुलैपर्यंत भरायचा. म्हणजे एकोणपन्नास दिवस बिनव्याजी उधार. तोच शर्ट ९ जूनला घेतला असता, तर १० जूनच्या बिलात आला असता आणि ३० जूनला भरावा लागला असता, एकवीसच दिवस मिळाले असते. संपूर्ण बिल वेळेत भरलं तर व्याज एक पैसासुद्धा नाही. हे खरं आहे, यात फसवणूक नाही. किराणा दुकानदार जसा महिन्याच्या खात्यावर माल देतो, तसंच. फरक इतकाच, की दुकानदार तोंड बघून उधारी थांबवतो आणि कार्ड थांबवत नाही.

आणि महिना संपला, पूर्ण भरता आलं नाही, तर? बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक एकूण देणं, दुसरा किमान देणं, ज्याला "मिनिमम ड्यू" म्हणतात. एकूण वीस हजार, किमान हजार. पोरगं हजार भरतं आणि त्याला वाटतं, हप्ता भरला. घरी सांगतं, "आई, हप्ता चालू आहे, काळजी करू नको." हा हप्ता नव्हे, मैत्रिणींनो. हे आम्ही दोनदा सांगतो, कारण आजच्या बोलण्यातलं हेच खरं ऐकायचं आहे. किमान रक्कम भरली म्हणजे बँक दंड लावत नाही आणि थकबाकीदार म्हणत नाही, एवढंच. बाकीच्या एकोणीस हजारांवर व्याज चालू होतं.

व्याज किती? बऱ्याच कार्डांवर शेकडा साडेतीन रुपये महिन्याला, कुठं थोडं जास्त, कुठं कमी. त्या व्याजावर आणखी १८ टक्के जीएसटी. आपल्या गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज लावलं, तरी एखादी ताई कुरकुर करते की व्याज जास्त आहे. इथं साडेतीन, आणि वर कर.

हिशोब मांडू. जवळ वही असेल तर लिहून घ्या. वीस हजारांचं बिल, दर महिन्याला फक्त पाच टक्के किमान रक्कम भरायची, नवीन खरेदी काहीच करायची नाही. पहिल्या महिन्यात हजार भरले, राहिले एकोणीस हजार. त्यावर व्याज ६६५, व्याजावर जीएसटी १२० च्या आसपास. पुढचं बिल येतं १९,७८५ रुपयांचं. हजार रुपये भरले आणि कर्ज कमी झालं २१५ रुपयांनी! असं वर्षभर केलं, तर बारा महिन्यांत पोराच्या खिशातून सव्वाअकरा हजारांच्या वर गेले आणि वर्षाच्या शेवटी बिल अजून साडेसतरा हजारांचं उभंच.

तेच वीस हजार गटातून शेकडा दोनने घेतले आणि दर महिन्याला हजार मुद्दल अधिक व्याज भरलं, तर पहिल्या महिन्यात चौदाशे जातात, पुढे पुढे कमी होत जातात. वीस महिन्यांत कर्ज खलास, आणि सगळं मिळून व्याज ४,२०० रुपये. ज्यांना गटाचं व्याज जड वाटतं त्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

अजून एक बारीक गोष्ट, जी कार्ड विकणारा सांगत नाही. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल, तर ती एकोणपन्नास दिवसांची सवलत नव्या खरेदीलाही मिळत नाही. ज्या दिवशी खरेदी, त्या दिवसापासून व्याज. आणि कार्डावरून एटीएममधून रोख काढली, तर सवलत मुळातच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढायचं वेगळं शुल्क. कुणी विचारेल, एवढ्या व्याजाला सरकारची काही मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या तीस टक्क्यांच्या आधाराने आपल्याला आता भांडता येणार नाही. दर काय आहे हे घेण्याआधीच वाचायचं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, त्या ताईंनी परवानगी दिली आहे पण नाव नको म्हणाल्या. औसा तालुक्यातल्या एका गटातल्या त्या. पोरगा पुण्याकडे कंपनीत. पहिला पगार हातात आल्यावर कार्ड घेतलं, बावीस हजारांचा मोबाइल घेतला. चौदा महिने किमान रक्कम भरत होता. मधेमधे पेट्रोल, दोनदा एटीएममधून रोख. मग कंत्राट संपलं, दोन महिने घरी बसला, बिल थकलं आणि फोन सुरू झाले. पोराने सिम बदललं. मग फोन आईला यायला लागले. सकाळी, दुपारी, रात्री नऊला. "तुमच्या पोराला चोर बनवलंत," असं त्या बाईला ऐकवलं. ती ताई गटाच्या बैठकीत रडली नाही, गप्प बसली. तिची बचत कधी चुकली नव्हती, त्या महिन्यात चुकली, म्हणून अध्यक्षताईंना शंका आली.

आम्ही पहिल्यांदा त्यांना एकच सांगितलं. पोरगा अठरा वर्षांच्या वर आहे, कार्ड त्याचं आहे, सही त्याची आहे. आई जामीन नाही, सहअर्जदार नाही, तर कायद्याने ते देणं आईचं नाही. आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी करायची नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही. त्या रात्री त्या ताईंना झोप लागली म्हणाल्या.

पण पोराचं काय? तो घरी आला, त्याच्याकडून बारा-तेरा महिन्यांची बिलं मोबाइलवर काढून घेतली. सगळं मिळून देणं सव्वीस हजार. बँकेकडून त्याला सांगण्यात आलं होतं, चौदा हजार एकरकमी भर, "सेटलमेंट" करू. त्याला वाटलं, बारा हजार वाचले. ऐकायला गोड आहे. पण त्याच्या कर्जाच्या नोंदीत "सेटल्ड" असा शेरा पडतो. पूर्ण फेडून बंद केलं आणि तडजोड करून बंद केलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या वेळी कर्ज मागायला गेल्यावर बँक तो शेरा वाचते. ह्या पोराला दोन वर्षांनी छोटा टेम्पो घ्यायचा आहे. टेम्पो काय रोखीने येणार आहे?

मग प्रश्न आला, गटाने कर्ज द्यावं का. बैठकीत चांगलीच वादावादी झाली. एक आजी म्हणाल्या, "त्यानं मोबाइल मिरवायचा आन आमी आमची बचत त्याच्या बँकंत ओतायची व्हय?" त्यांचं चुकीचं नव्हतं. दुसऱ्या एकीने विचारलं, उद्या माझ्या पोरानं असंच केलं तर मलाही द्याल का? त्याला त्या दिवशी कुणाकडे उत्तर नव्हतं, खरं सांगायचं तर आजही नाही. शेवटी कर्ज दिलं, ते आईच्या नावावर, कारण सभासद ती आहे. सव्वीस हजार, तेरा महिने, महिन्याला दोन हजार मुद्दल अधिक शेकडा दोन व्याज. अट एकच, की पोराने पगार झाला की गटाच्या खात्यावर स्वतः पैसे पाठवायचे आणि बैठकीच्या दिवशी आईने नव्हे, त्याने फोनवरून हप्ता झाल्याचं सांगायचं. तेरा महिन्यांचं सगळं व्याज ३,६४० रुपये होतं. कार्ड पूर्ण फेडलं, बंद करायचा अर्ज दिला आणि काही देणं नाही असं पत्र मागून घेतलं. हे पत्र घ्यायला विसरू नका. देणं शिल्लक नसेल तर बंद करायचा अर्ज बँकेने सात कामाच्या दिवसांत पुरा करायचा असतो. नाही केला, तर दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, असा २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटाचं कर्ज अजून चालू आहे, सात हप्ते आलेत. एक हप्ता चार दिवस उशिरा आला, तो आजींनी लगेच वहीत लाल पेनाने लिहिला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग नकोच ते कार्ड. तसंही आमचं म्हणणं नाही. पोरं शहरात राहतात, त्यांना पुढे गाडीचं कर्ज लागेल, घराचं लागेल. बँक तेव्हा त्यांचा "सिबिल स्कोअर" बघते. ३०० ते ९०० मधला तो आकडा असतो, जितका जास्त तितका चांगला. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा आकडाच नसतो, आणि बँकेला हा माणूस फेडतो का बुडवतो ते कळत नाही. आपल्या गटाला पहिलं बँक कर्ज मिळताना काय झालं होतं, आठवतं? सहा महिने बचत, अंतर्गत कर्ज, त्याची फेड, वहीत नोंदी, आणि मग बँकेने गटाचं मूल्यांकन करून कर्ज दिलं. पंचसूत्री पाळली म्हणून पत तयार झाली. पोराचं पहिलं कार्ड म्हणजे त्याची स्वतःची पहिली वही. ती नीट ठेवली तर पतीला उपयोगी. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. पोरांना तो काढायला सांगा, पैसे घेऊन काढून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका.

तर मग निवडायचं कसं? लातूरला दवाखान्यात लागलेल्या आमच्या एका गटातल्या ताईंच्या लेकीचं उदाहरण घेतो, कारण ती पोरगी शहाणी निघाली. पगार चौदा हजार. तिला तीन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक कार्ड विमानतळावर आरामकक्षात फुकट बसायला देत होतं. आम्ही हसलो. ती म्हणाली, "ताई, मी औसा-लातूर एसटीनं जाते." दुसरं होतं एका ऑनलाइन दुकानाचं, तिथं खरेदी केली की थोडे पैसे परत. ह्यात वाईट काही नाही, पण पैसे परत मिळावेत म्हणून खरेदी करायची सवय लागते. पाच टक्के वाचवायला शंभर टक्के खर्च! तिसऱ्याचं पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षापासून वार्षिक फी. "पहिलं वर्ष फुकट" आणि "आयुष्यभर फुकट" हे दोन वेगळे आहेत, आणि फोनवरची व्यक्ती ते फार पटकन बोलून जाते. तिला विचारा: वार्षिक फी किती, जीएसटी धरून किती, आणि फी माफ व्हायला वर्षाला किती खर्च करावा लागेल? वर्षाला लाखभर खर्च केल्यावर माफ होणारी फी चौदा हजार पगाराच्या पोरीला माफ होणार नाही, आणि होऊही नये.

तिने ह्या तिघांनाही नाही म्हटलं. जिथं पगार होतो त्या बँकेत गेली. तिथं सांगितलं, तुमची कर्जाची काही नोंद नाही, देता येणार नाही. अर्ज नाकारला, तर बँकेने कारण लेखी कळवायचं असतं, ते तिने मागितलं. लगेच दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकले नाहीत, हे चांगलं केलं. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत चार चौकश्या दिसल्या की बँकेला वाटतं हा माणूस पैशासाठी वणवण फिरतोय. मग बँकेतल्याच एका मॅडमनी तिला मुदत ठेवीवरचं कार्ड सांगितलं. आपण ठेव ठेवायची, तिच्यावर ठरावीक टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं, ठेवीवर व्याज चालू राहतं. तिने पंधरा हजारांची ठेव ठेवली, बारा हजारांची मर्यादा मिळाली. ज्याला पगाराची स्लिप नाही, नोंद नाही, अशा पोरापोरींसाठी हे आम्हाला सगळ्यात सुरक्षित वाटतं. पण हे लक्षात ठेवा, बिल थकवलं तर बँक ठेवीतून वळतं करते.

मर्यादा कमी मिळाली म्हणून तिचं तोंड जरा उतरलं होतं. आम्ही म्हटलं, पहिल्या कार्डाला कमीच बरी. त्यातलीही तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच वापरावी. ती दर महिन्याला स्कूटीचं पेट्रोल आणि मोबाइलचा रिचार्ज एवढंच त्यावर करते, दोन-अडीच हजार. बिल आपोआप खात्यातून कापलं जावं म्हणून ऑटो डेबिट लावलं. लावताना तिथं दोन पर्याय येतात, "टोटल" आणि "मिनिमम". चुकून मिनिमम निवडलं तर पोराला वाटतं सगळं आपोआप भरलं जातंय, आणि आतून व्याज चढत राहतं. टोटल निवडायचं. शिवाय तारीख. तिचा पगार सात तारखेच्या आसपास होतो, आणि बिल भरायची शेवटची तारीख आली होती दोन. पगाराआधी पाच दिवस हात मोकळा कुणाचा असतो? बिलाची तारीख बदलून मागता येते, बँकेने तशी सोय द्यायची असते. तिने बदलून घेतली, आता शेवटची तारीख पंधरा आहे. कधी दिवस चुकलाच तर घाबरू नये, तीन दिवसांच्या आत भरलं तर उशिराचा दंड लावता येत नाही. पण ते तीन दिवस अडचणीसाठी आहेत, रोजचे नाहीत.

शेतीवर असलेल्या पोरांचं मात्र आमचं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. ज्याचं पोट सोयाबीनवर आणि दुधावर आहे, त्याने हे कार्ड जपून घ्यावं. दूध दहा दिवसाला पैसे देतं, ठीक. पण सोयाबीन वर्षातून एकदा पैसे देतं आणि कार्डाचं बिल वर्षातून बारा वेळा येतं. पेरणीच्या दिवसांत बियाणं-खत कार्डावर घ्यायचं आणि दिवाळीत सोयाबीन विकून भरायचं, हा हिशोब जुळत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांचं शेकडा साडेतीन कोण भरणार? त्याच्यासाठी पीककर्ज आहे, गट आहे. नावाला "क्रेडिट कार्ड" हाच शब्द दोन्हीकडे, म्हणून सुरुवातीलाच तो घोटाळा सोडवला.

आता स्कॅनरचं बोलू. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे भाजीवाल्याचा, चहावाल्याचा कोड स्कॅन करून कार्डातून पैसे देता येतात. सोय मोठी आहे, पण त्यात खात्यातले पैसे गेले का उधारीचे, हे पोरांना महिनाअखेरीसच कळतं. आमचा सल्ला, निदान पहिलं वर्ष कार्ड यूपीआयला जोडू नये. चहा उधारीवर पिऊ नये, एवढंच.

फोनवरची फसवणूक तर तुम्हाला पाठ झाली असेल, तरी सांगतो. "तुमची मर्यादा वाढवतो, ओटीपी सांगा" असा फोन आला की ठेवून द्यायचा. मर्यादा वाढवायला बँकेला तुमची संमती लागते, ओटीपी फोनवर सांगावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. आणि न मागता कार्ड घरी आलं तर? तसं पाठवायला बंदी आहे. ते सुरू करायचा ओटीपी द्यायचा नाही. महिनाभरात सुरू केलं नाही तर बँकेला विचारावं लागतं, आणि तुम्ही होकार दिला नाही तर ते कार्ड काही न घेता बंद करावं लागतं. बँक ऐकत नसेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ ह्या क्रमांकावर माहिती मिळते. वर सांगितलेल्या ताईंना रात्री नऊला आलेल्या फोनची आम्ही तारीख-वेळ लिहून ठेवली होती. लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. बँकेला लेखी दिल्यावर आईचे फोन थांबले.

काही जणी म्हणतील, आमची पोरं आम्हाला बिल दाखवतात होय! दाखवत नाहीत, खरं आहे. मोठी झालीत, त्यांचा पगार, त्यांचं कार्ड. पण सुट्टीला आलं की जेवताना एवढंच विचारा, "मागच्या महिन्यात टोटल भरलंस का मिनिमम?" हा शब्द आईच्या तोंडून ऐकला की पोरगं चमकतं. एका ताईंनी दिवाळीत हा प्रश्न विचारला, तर पोरगा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, तुला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, रेडिओनं.

येत्या महिन्यात प्रभागातल्या बैठकांना आमच्याबरोबर बँक सखी येणार आहेत. घरात कुणाचं कार्ड असेल तर त्याच्या शेवटच्या तीन बिलांची छपाई घेऊन या, कार्डाचा नंबर पेनाने खोडून. हिशोब तिथंच बसून मांडू. चष्मा आणायला विसरू नका, त्या बिलांवरची अक्षरं फार बारीक असतात. नमस्कार.